करविते आणि घडविते
मालेगाव परिसरातील कलेच्या आश्रयाचा थोडा इतिहास

जीर्णोद्धार म्हटला की सर्वांच्या डोळ्यांपुढे प्रथम देणगीदारांची पाटी उभी राहते. ते योग्यच आहे. ज्यांनी कांद्याच्या पट्टीतून वर्गणी बाजूला काढली, ज्यांनी मुंबई-पुण्याच्या नोकरीतून गावची आठवण ठेवून मनीऑर्डरी पाठविल्या, त्यांची नावे पुढील पिढ्यांनी वाचलीच पाहिजेत. परंतु दगड घडविणारा पाथरवट, चुना मळणारा गवंडी, दार कोरणारा सुतार आणि कळस ठोकणारा तांबट यांची नावे बहुधा कोठेच राहात नाहीत. करविता आणि घडविता या दोघांच्या मेळाने मंदिर उभे राहते. आपल्या नाशिक जिल्ह्यात हा मेळ कसा जुळत आला, हे ग्रामस्थ व देणगीदार बंधुभगिनींपुढे थोडक्यात मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गावाने वर्गणी काढून शिल्पकाम करविण्याची चाल आपल्याकडे आजकालची नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील अठरा क्रमांकाचे चैत्यगृह पाहावे. त्याच्या दारावरील सुंदर कमानीवर ब्राह्मी लिपीत लेख आहे की, हे धंभिक गावचे दान. दोन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेथे राजाचे नाव नाही, सरदाराचे नाही. एका गावाचे आहे. त्या गावकऱ्यांची नावे काळाच्या पोटात गेली, पण त्यांनी करविलेली कमान आजही जागच्या जागी आहे.

त्याच डोंगरातील दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेणे कोरवून तो थांबला नाही. त्याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने कायमचे ठेविले. मुद्दलास हात लावावयाचा नाही आणि व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यावयाचे, अशी व्यवस्था केली. हिशेब करून पाहा : वर्षाचे व्याज २४० आणि वीस जणांचे बारा-बारा मिळून २४०. या ठेवीला लेखात ‘अक्षयनीवी’ म्हटले आहे. वास्तू उभी करताना तिच्या पुढच्या वर्षांचीही तजवीज करावी आणि तो पैसा विणकरांच्या संस्थेवर विश्वासाने सोपवावा, ही जाण त्या काळी होती.

घडविणाऱ्याचे नाव कोरण्याचीही प्रथा त्या काळी दिसते. चाळीसगावजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेल्या यक्षाच्या तळहातावर ती मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने केली असे लिहिले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले, हेही तेथील भिंतीवर वाचावयास मिळते. सोनार आणि सुतार! गावगाड्यात ज्यांना आपण बलुतेदार म्हणून ओळखतो, त्यांची नावे राजांच्या नावांच्या बरोबरीने आजवर टिकली.

पुढे ही चाल मागे पडली. आपल्या तालुक्यात मुंबई-आग्रा रस्त्यालगत झोडगे येथे माणकेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. त्याच्या शिखरावर लहान लहान शिखरांच्या ओळी तळापासून माथ्यापर्यंत चढत गेल्या आहेत. भिंतीवरील मूर्ती आणि थरांची मांडणी पाहून सिन्नरच्या गोंदेश्वराची आठवण व्हावी. अशा मंदिरांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. परंतु यादवांचा प्रधान हेमाद्री तेराव्या शतकातला, आणि या धाटणीची पुष्कळ मंदिरे त्याच्याही पूर्वीची आहेत. म्हणजे मंत्र्याचे नाव मंदिरांना चिकटले, आणि ज्याने छिन्नी चालविली तो मात्र निनावी राहिला.

आता मालेगावकडे येऊ. मोसम नदीच्या काठचा भुईकोट किल्ला सरदार नारोशंकर दाणी, राजेबहाद्दर, यांनी इ.स. १७४० च्या सुमारास बांधावयास घेतला. काम पंचवीस वर्षे चालले, असे सांगतात. त्यासाठी सुरतेकडून आणि उत्तर हिंदुस्थानातून कारागीर व मजूर आणविले गेले. काम संपल्यावर त्यांतील कित्येक परत गेलेच नाहीत. येथेच घरे करून राहिले. मालेगावची वस्ती वाढली ती अशा हातांनी. ज्या गावाने कारागिराला थारा दिला, ते गाव कारागिराने मोठे केले, ही गोष्ट मालेगावकरांनी तरी विसरू नये.

नारोशंकरांना बांधकामाची आवडच होती. झाशीची सुभेदारी त्यांच्याकडे असताना त्यांनी तेथील किल्ला वाढविला. त्या भागाला शंकरगड म्हणतात. नाशिकला पंचवटीत गोदाकाठी त्यांनी इ.स. १७४७ मध्ये रामेश्वराचे मंदिर बांधले. लोक मात्र त्याला नारोशंकराचे मंदिर म्हणूनच ओळखतात. त्याच्या दर्शनी भागी टांगलेली मोठी घंटा फिरंग्यांची. चिमाजीअप्पांच्या वसईच्या विजयानंतर, म्हणजे १७३९ नंतर, ती मराठ्यांच्या हाती आली. परक्या ओतकाराची ती कृती असूनही आपल्या वाडवडिलांनी ती वितळविली नाही. चांगल्या वस्तूचा मान ठेवून ती देवाच्या दारी लाविली.

तोच काळ नाशिक परिसरात बांधकामाला बहराचा ठरला. पंचवटीचे काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी रामशेजच्या दगडात बांधविले. तेथे बारा वर्षे रोज दोन हजार माणसे राबत होती आणि तेवीस लाख रुपये लागले, असे परंपरेने सांगितले जाते. आपल्या शेजारच्या चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. त्याचे कोरीव लाकूडकाम आणि भिंतींवरील चित्रे आवर्जून पाहावीत. पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी काशीपासून घृष्णेश्वरापर्यंत मंदिरे बांधली, तशीच महेश्वरला बाहेरून विणकर आणून वसविली. मंदिर बांधणे आणि कारागीर जगविणे ही दोन कामे त्यांनी वेगळी मानली नाहीत.

इ.स. १८१८ च्या मे-जूनमध्ये जवळजवळ महिनाभर वेढा सोसून मालेगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. पेशवाई संपली आणि सरदारांचा आश्रयही आटला. त्यानंतर सरकारी इमारती पुष्कळ झाल्या, पण त्या नकाशाबरहुकूम. पाथरवटाला विचारण्याची पद्धत राहिली नाही. मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. कलाशाळा निघाली, तेव्हा ‘कलावंत’ शाळेत गेला आणि ‘कारागीर’ गावात राहिला. एकाच घरातले दोन भाऊ जणू विभक्त झाले. मालेगावचे नशीब एवढेच की १८५७ च्या धामधुमीनंतर आणि १८६२ च्या दुष्काळामुळे काशीकडचे मोमीन विणकर येथे आले व हातमागाचा खडखडाट सुरू झाला. पुढे त्याच पेठेत यंत्रमाग आले.

स्वातंत्र्यानंतर हे विभक्तपण मिटविण्याचे काही प्रयत्न झाले. सार्वजनिक इमारतींच्या निमित्ताने आपल्या कलावंतांना काम मिळावे, असा पंडित नेहरूंचा आग्रह होता. त्यातून दिल्लीच्या रिझर्व्ह बँकेच्या दाराशी शिल्पकार रामकिंकर बैज यांचे यक्ष-यक्षी उभे राहिले. ते काम १९६७ मध्ये पुरे झाले. पितळखोऱ्याच्या सोनाराने घडविलेला यक्ष आणि बँकेच्या दारातला यक्ष यांत दोन हजार वर्षांचे अंतर आहे, पण धागा एकच. फ्रान्स देशात तर १९५१ पासून शाळांच्या इमारतींच्या खर्चापैकी शेकडा एक भाग कलाकृतीसाठी राखून ठेवण्याचा नियम झाला. शंभर रुपयांत एक रुपया! आपल्या गावालाही तो जड नाही.

हा सारा इतिहास सांगण्याचे कारण असे की, जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुने ते काढून टाकण्याचा मोह गावोगाव होतो. घडीव दगडावर तैलरंग फासले जातात, कोरीव खांब सळईच्या खांबांसाठी उतरविले जातात, जुन्या फरशीवर चकचकीत टाइल्स बसतात. हेतू भक्तीचाच असतो. पण चुन्यातली जुनी भिंत ओल घेते आणि सोडते; तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग चढला की ओल आतच कोंडते, पापुद्रे सुटतात आणि कधीकधी दगडाची कडही त्यांबरोबर जाते. जुने गवंडी चुन्याच्या घाणीत गूळ आणि बेलफळ का घालीत, हे ठाऊक असलेली माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ती आहेत तोवर त्यांना विचारले पाहिजे.

म्हणून ग्रामस्थांपुढे चार नम्र सूचना ठेवतो. पहिली, काम ठरविण्यापूर्वीच पाथरवट, सुतार आणि शक्य तर एखादा शिकलेला शिल्पकार यांना देवळात बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे. सगळे ठरल्यावर फक्त मजुरीचा भाव विचारू नये. दुसरी, जमलेल्या निधीतून शेकडा एक तरी भाग कोरीव अथवा चित्रकामासाठी वेगळा ठेवावा आणि ते काम होता होईल तो आपल्याच परिसरातील हातांना द्यावे. तिसरी, उषवदाताचा धडा घेऊन थोडी रक्कम मुद्दल म्हणून कायम ठेवावी व तिच्या व्याजातून दरवर्षी डागडुजी करावी, म्हणजे पुन्हा जीर्णोद्धाराची वेळ लवकर येणार नाही. चौथी आणि सर्वांत सोपी, देणगीदारांच्या पाटीखाली एक ओळ घडविणाऱ्यांची असावी.

धंभिक गावच्या लोकांनी कमान करविली तेव्हा ती दोन हजार वर्षे टिकेल, असे त्यांच्या मनातही आले नसेल. त्यांनी एवढेच केले की चांगला हात शोधला आणि त्याला मनाजोगते काम करू दिले. आपल्या हातूनही तेवढे घडावे, आणि उद्या या देवळाच्या पायरीवर बसून एखाद्या पोराने पाटी वाचताना करवित्याबरोबर घडवित्याचेही नाव उच्चारावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.