ईस्टरचे गणित आणि हाताची पेरे

शाळेच्या सुट्ट्यांची यादी करताना नाताळची तारीख शोधावी लागत नाही. गुड फ्रायडेची मात्र दरवर्षी पाहावी लागते. त्यानंतरचा ईस्टरचा रविवार २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कोठेही येऊ शकतो. नियम थोडक्यात असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. सूर्याचे वर्ष, चंद्राचा महिना आणि सात दिवसांचा आठवडा ही तीन कालमाने एकमेकांना पूर्ण भाग जात नाहीत. त्यांची सांगड घालण्याचे काम मध्ययुगीन युरोपातील ख्रिस्ती मठांकडे आले.

गणित जुळले नाही तर काय होई? सातव्या शतकात इंग्लंडच्या उत्तर भागातील नॉर्थम्ब्रियाचा राजा ऑस्वी आयरिश मठांच्या कोष्टकाप्रमाणे चाले, तर केंटच्या परंपरेत वाढलेली राणी रोमच्या पद्धतीने. त्यामुळे कधी कधी राजा उपवास सोडून ईस्टर साजरा करी, तेव्हा राणी उपवासातच असे आणि झावळ्यांचा रविवार पाळी. स्मार्त व भागवत एकादशी आपल्याकडे शेजारीशेजारी नांदतात. तेथे मात्र हा भेद चालण्यासारखा नव्हता. ६६४ साली व्हिट्बीच्या मठात सभा भरली आणि राजाने रोमच्या बाजूने कौल दिला.

रोमच्या पद्धतीचा पाया होता १९ वर्षांचे चक्र. १९ सौर वर्षांत जवळजवळ बरोबर २३५ चांद्रमास बसतात. वर्षाचे १२ धरले तर २२८ होतात. उरलेले ७ महिने अधिक घालावे लागतात. आपल्या अधिक मासामागेही हेच गणित आहे. २००४ साली अधिक श्रावण आला होता, तो १९ वर्षांनी २०२३ मध्ये पुन्हा आला.

हे गणित शिकवण्याची उत्तम सोय बीड या इंग्रज मठवासी पंडितांनी ७२५ साली लिहिलेल्या कालगणनेच्या ग्रंथात सापडते. रोमन अंकांत भागाकार करणे जिकिरीचे, चर्मपत्र महाग. म्हणून फळा झाला तो हात. अंगठ्याला दोन आणि इतर चार बोटांना तीन-तीन मिळून एका हाताची पेरे होतात १४. त्यांत पाच नखे मिळवली की १९, म्हणजे चंद्राचे चक्र. दोन्ही हातांची पेरे २८. त्या काळच्या ज्यूलियन पंचांगात तारखा आणि वार २८ वर्षांनी पुन्हा तसेच जुळत. हे सूर्याचे चक्र. १९ गुणिले २८ म्हणजे ५३२ वर्षांनी ईस्टरच्या तारखांची सारी मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. बीड यांनी ५३२ ते १०६३ पर्यंतचे कोष्टक दिले.

या विषयाला कॉम्प्युटस म्हणत. ७८९ साली सम्राट शार्लमेनने मठांत व बिशपांच्या पीठांत शाळा काढण्याचा आदेश दिला. त्यात स्तोत्रे, गायन व व्याकरण यांच्या बरोबरीने कॉम्प्युटसचा उल्लेख आहे. पुढे चित्रकारांनीही हे आकडे सजवले. प्रार्थनापुस्तकांच्या सचित्र पंचांगांत तारखेशेजारी १ ते १९ पैकी एक अंक असे. त्याला सुवर्णांक म्हणत. आपण हजेरीपटावर लिहितो तो इसवी सनही या कोष्टकांचीच देणगी. ५२५ साली डायोनिसियस एक्झिगस यांनी ईस्टरचे कोष्टक करताना ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजली, आणि बीड यांच्या ग्रंथांमुळे ती पद्धत रूढ झाली.

मात्र हाताची पेरे मोजून तिथी मिळू लागली, तशी ईस्टरसाठी आकाशाकडे पाहण्याची गरज उरली नाही. २३५ चांद्रमास १९ ज्यूलियन वर्षांपेक्षा सुमारे दीड तासाने कमी भरतात. म्हणजे सुमारे ३०८ वर्षांत एक दिवसाचा फरक. शिवाय ज्यूलियन वर्षच खऱ्या ऋतुवर्षापेक्षा ११ मिनिटांनी मोठे; १२८ वर्षांत तिथेही एक दिवस. १२६७ च्या सुमारास रॉजर बेकन यांनी पोप चौथे क्लेमेंट यांना पाठवलेल्या ग्रंथात हा दोष मांडला. तोवर कोष्टकातला चंद्र आणि आकाशातला चंद्र यांत सुमारे तीन दिवसांचे अंतर पडले होते. धर्माच्या गणितातली चूक धर्मपीठालाच दाखवणारा हा माणूस त्याच शिक्षणपरंपरेत तयार झाला होता. सुधारणेला मात्र आणखी तीन शतके लागली. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर धरायला लावला. वर्षाबरोबर चंद्राचे कोष्टकही दुरुस्त झाले.

वर्गात हे करून पाहण्यासारखे आहे. वर्षाला १९ ने भागून बाकीत १ मिळवला की सुवर्णांक मिळतो. २००५ आणि २०२४ या दोन्ही वर्षांचा सुवर्णांक ११ येतो. जुनी दिनदर्शिका मिळाल्यास मार्चची पौर्णिमा पाहा : दोन्ही वर्षी ती २५ मार्चच्या आसपास आहे. वार वेगळे असल्याने ईस्टर मात्र २००५ मध्ये २७ मार्चला आणि २०२४ मध्ये ३१ मार्चला आला. त्यानंतर मुलांना एक महिनाभर रोज चंद्र पाहायला सांगावे आणि दिनदर्शिकेशी ताडून पाहायला लावावे. बेकन यांनी जे करायला सांगितले, ते यापेक्षा फार वेगळे नव्हते असे आम्हांला वाटते.