दातातील चांदी : कॅपखालील गंज

किडलेली दाढ कोरून तीत भरल्या जाणाऱ्या पारामिश्रित धातूला बोलीत ‘चांदी’ म्हणतात. दंतवैद्यकात डेंटल अमाल्गम. त्यात वजनाने सुमारे ५० टक्के पारा असतो. बाकी चांदी, कथील व तांबे. दाढ फारच मोडली असेल तर या भरावावरच कॅप बसवतात.

गंज : कॅपची कड सुटून लाळ आत झिरपली की भराव गंजू लागतो. जुन्या, कमी तांब्याच्या मिश्रणातले कथील-पाऱ्याचे संयुग आधी गंजते. १९६० च्या दशकात आलेल्या अधिक तांब्याच्या मिश्रणात ते जवळजवळ तयारच होत नाही. भरावाला धातूची कॅप टेकली तर दोन धातूंमध्ये सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहून गंज वाढतो. मधले सिमेंट शाबूत असल्यास तो मंदावतो. गंजातून मुख्यतः कथील व तांबे सुटते. मोकळा झालेला बराचसा पारा उरलेल्या धातुकणांशी पुन्हा संयोग पावतो.

आरोग्य : पाऱ्याची वाफ प्रामुख्याने चावताना व झोपेत दात खाताना सुटते, कॅपखालचा भराव असा घासला जात नाही. त्याच्या गंजाने विषबाधा होते, हे सिद्ध झालेले नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका व पोर्तुगालमधील मुलांवरच्या दोन चाचण्यांत चांदी भरल्याने बुद्धी वा स्मरणशक्ती घटल्याचे दिसले नाही. तरीही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये गर्भवती, सहा वर्षांखालील मुले, मूत्रपिंडाचे वा मज्जासंस्थेचे रुग्ण यांना नवी चांदी शक्यतो भरू नये, असे सुचवले. सुस्थितीतली जुनी मात्र काढू नये, असेही सांगितले. पाऱ्याचा वापर घटवण्यासाठीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली.

निदान व उपचार : खरा धोका कॅपखाली वाढणाऱ्या किडीचा. धातूच्या कॅपमुळे एक्स-रेत आतले दिसत नाही; म्हणून दंतवैद्य टोकदार सळईने कड चाचपतात. हिरडीलगतची काळी रेघ गंजाचीच असेल असे नाही. रायगड जिल्ह्यातल्या महाड-पोलादपूरकडे मिसरी लावणाऱ्यांच्या दातांवर तंबाखूचाही काळा थर असतो. कॅप हलणे, दुर्गंधी, धातूची चव किंवा ठणका असल्यास तपासणी हवी. भराव काढावाच लागला तर दाढेभोवती रबराचा पडदा लावून, पाण्याची धार व जोरदार सक्शन चालू ठेवून तो मोठ्या तुकड्यांत काढतात. कारण भराव कोरताना वाफ सर्वाधिक सुटते. अशा तपासणी-उपचारांसाठी पोलादपूरहून कशेडी घाट उतरल्यावर खेडला योगिता दंत महाविद्यालय आहे. शासकीय दंत महाविद्यालय मुंबईत आहे.

दुखत नसलेली, घट्ट बसलेली कॅप केवळ पाऱ्याच्या धास्तीने उघडू नये. सैल झालेली मात्र अंगावर काढू नये.