शकुंतलेच्या खोक्यावर काय असावे?

१/ पूर्वी यवतमाळ–मूर्तिजापूर धावणाऱ्या शकुंतला रेल्वेचे स्केल मॉडेल किट उद्या कोणी काढले, तर त्याच्या खोक्यावर कोणते चित्र असावे? प्रश्न पोरकट वाटेल. पण किटमधील सुटे भाग गाडीचा केवळ आकार सांगतात. ती गाडी कशासाठी होती, हे सांगायला खोक्याखेरीज दुसरी जागा नाही.

२/ एअरफिक्सने १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर कागदी पट्टी लावून विकले होते. पुढे १९६४ पासून रॉय क्रॉस यांनी त्याच कंपनीच्या खोक्यांवर ज्वाळा, स्फोट, कोसळणारी विमाने रंगवली. नंतरच्या आवृत्त्यांतून त्यांतील बरेच काही पुसले गेले. जपानच्या टामियाने पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकटा रणगाडा ठेवला. युद्धभूमीच वगळली!

३/ शकुंतलेबाबत पहिला मोह इंजिनाचा. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले झेडडी इंजिन १९९४ पर्यंत या मार्गावर धुराचे लोट सोडत होते. मलाही तेच चित्र आवडेल.

४/ दुसरा मोह अधिक धोकादायक. ‘इंजिन मँचेस्टरहून आले, कापूस मँचेस्टरला गेला’ असे वर्तुळ खोक्यावर फार शोभेल. मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात ही रेल्वे सुरू झाली, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस हवा असे. हिंदुस्थानातील आखूड धाग्याचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत खपत होता, आणि निर्यातीत मोठा वाटा जपान व युरोप खंडाचा होता. शाळकरी मुलाच्या हाती पडणाऱ्या खोक्यावर अर्धसत्य छापले, तर ते पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक काळ टिकते.

५/ बाजूच्या पट्टीवर नकाशा हवा: यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर. रूळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे १:८७ प्रमाणात जेमतेम ९. आणि ११३ किलोमीटरचा हा मार्ग त्याच प्रमाणात सुमारे १.३ किलोमीटर भरेल. घरात मांडून दाखवा!

६/ दर्शनी चित्र मी मूर्तिजापूरचे घेईन. तिथे मुंबई–नागपूर ब्रॉडगेज भेटे. रूळ जुळत नसल्याने नॅरोगेजच्या वाघिणीतील रुईच्या गाठी उतरवून मोठ्या वाघिणीत चढवाव्या लागत. अग्रभागी ओझ्याखाली वाकलेले हमाल, इंजिन कडेला, अर्धेच दिसेल असे. आत गाठींसाठी वेगळा कप्पा असावा. इतके बारीक भाग इंजिनाच्या सुट्या भागांत मिसळले, की हमखास हरवतात.