हुद्द्याचे शब्द, पावसाचे शब्द

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

इंग्रजी शिकवणाऱ्या कुठल्याही पहिल्या पुस्तकात दोन धडे हमखास असतात. एक हवेचा, दुसरा कामधंद्याचा. पहिल्यात सनी, क्लाउडी, रेनी. दुसऱ्यात टीचर, डॉक्टर, ड्रायव्हर. चित्र बघायचं आणि शब्द म्हणायचा. आमच्या धाडकडे मात्र या दोन धड्यांमागे मोठा इतिहास आहे, आणि दोघांचा इतिहास अगदी वेगवेगळा आहे.

धाड हे बुलढाणा तालुक्यातलं गाव. इथून भोकरदनच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर जालना जिल्हा सुरू होतो. आज ही हद्द रस्त्यावरच्या पाटीपुरती उरली आहे. पण १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं ती दोन राजवटींमधली हद्द होती. मग जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाला म्हणायचं काय? वऱ्हाडात तो 'डेप्युटी कमिशनर'. भोकरदनकडे 'अव्वल तालुकदार'. अजिंठ्याचा डोंगर उतरून खानदेशात गेलं की मुंबई इलाखा, तिथे 'कलेक्टर'. काम एकच : सारा वसूल करायचा आणि जिल्ह्यावर नजर ठेवायची. बैल विकायला बाजारोबाजार हिंडणाऱ्या माणसाला तिन्ही नावं ठाऊक असावी लागत असणार! इकडचा हेडमास्तर तिकडे 'सदर मुदर्रिस', इकडचा फौजदार तिकडे 'अमीन'.

निजामाच्या राज्यात १८८० च्या दशकात कारभारातली फारसी गेली आणि उर्दू आली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथे वरचं शिक्षणही उर्दूतून. म्हणजे हद्दीपलीकडच्या मराठी पोराने नोकरीसाठी उर्दू घोकायची आणि अलीकडच्याने इंग्रजी. माझ्या घरात उर्दू वळणाची बोली आहे, म्हणून पलीकडे आमच्यासारख्यांची चंगळ होती असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. घरात दखनी बोलणाऱ्या पिंजाऱ्याला निजामाच्या कचेरीतली उर्दू बरीचशी परकीच होती.

हे काही तेव्हाच प्रथम घडलं नव्हतं. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. फारसी हुद्द्यांना संस्कृत नावं मिळाली : मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत झाला, पेशव्याचा पंतप्रधान झाला. लोक मात्र पुढेही 'पेशवे'च म्हणत राहिले. कोश करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आहे.

इंग्रजीतली कामाची नावं आमच्या जिल्ह्यात पुस्तकातून यायच्या आधी कापसाबरोबर आली. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मलकापूर, शेगाववरून नागपूरपर्यंत रेल्वे गेली. १८७० मध्ये खामगावला फाटा निघाला. जीन आली, प्रेस आली. त्यांच्यामागून फोरमन, फायरमन, गार्ड, गँगमन आणि 'टेसन मास्तर' आले. एबीसीडीही न शिकलेले लोक हे शब्द सहज बोलू लागले, कारण त्या शब्दांमागे पगार होता.

आणि आणखी एक गोष्ट होती. आपल्याकडे कामाचं नाव हे माणसाचंच नाव होऊन बसतं. पिंजारी, अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, शिकलगार ही आमच्या मुसलमानांतली आडनावं बघा. सुतार, लोहार, चांभार तर सर्वांना ठाऊक आहेत. धंदा सुटला तरी नाव सुटत नाही. 'फायरमन' ही काही जात नव्हती. 'नर्स' म्हटलं की तिचा बाप काय करतो ते कळत नाही. मी पाचवीत इंग्रजीचा कामधंद्याचा धडा शिकलो, तेव्हा त्या यादीतली सगळी माणसं मला विनाआडनावाची वाटली होती. त्या धड्याची गोडी वाटण्याचं एक कारण हे असावं असं मला अजून वाटतं. त्या यादीत सालदार नव्हता, हमाल नव्हता, मापाडी नव्हता, हेही खरं.

१ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड आणि मराठवाडा एकाच दिवशी मुंबई राज्यात आले. मग दोन्हीकडे कलेक्टरच होता, आणि १९६२ च्या पदनाम कोशानंतर जिल्हाधिकारी. त्या कोशाची तेव्हा 'बदनाम कोश' म्हणून टिंगल झाली, पण 'जिल्हाधिकारी' रुळला. गावात अजून 'कलेक्टर'च म्हणतात, ते सोडा.

आता पावसाकडे या. एवढ्या राजवटी बदलल्या, पण हद्दीच्या दोन्ही बाजूंना झड ती झडच राहिली. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनेचा. उघडीप, झाकोळ, वाफसा. हे शब्द कुणा सरकारने दिले नाहीत, कुणी पाठ करून घेतले नाहीत. घरात आम्ही 'झडी' म्हणायचो, एवढाच फरक. खुद्द 'मान्सून' हा शब्दही अरबी 'मौसिम'वरून पोर्तुगीजांच्या तोंडी गेला, तिथून इंग्रजीत, आणि इंग्रजीचा पोशाख घालून आमच्याकडे परत आला.

इंग्रजी धड्यातली हवा मात्र आम्हाला उलटी वाटायची. तिथे ऊन पडलं की दिवस 'फाइन'. जूनअखेर आभाळ लख्ख असेल, तर धाडला त्या दिवसाला कोण फाइन म्हणेल? 'रेनी डे'साठी पैसे शिल्लक टाकावेत, हेही त्यांचंच. आमच्याकडे अडचणीचा दिवस कोरडा असतो.

१८७५ मध्ये हवामान खातं स्थापन झालं. पाऊस इंच-सेंटांत मोजला जायचा. पण त्या आकड्यांचं शेतकऱ्याला काय? तो ओल किती खोल गेली ते बघायचा. आता तसं राहिलेलं नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पडला, तर ती अतिवृष्टी. ६४ पडला, तर नुसता पाऊस. २०२५ च्या खरिपाआधी विम्यासाठी नुकसान ७२ तासांत कळवावं लागायचं, तेही ढगफुटी, गारपीट, जलमय अशा ठरलेल्या नावांनी. ऑरेंज अलर्ट आणि ट्रिगर हे शब्द आता पारावर ऐकू येतात. हुद्द्यांचे शब्द जसे कायम कचेरीतून आले, तसे आता पावसाचेही येऊ लागले आहेत. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. मुलांना रेनी आणि क्लाउडी येतं. मिलिमीटर, अलर्ट, ट्रिगर यांचा अर्थ त्यांच्या वर्गात कुणी समजावून दिला, तर ती घरी बापाला सांगू शकतील.

या सगळ्यात झड कुठे बसत नव्हती. आठ दिवस रोज थोडा थोडा पडणारा पाऊस एका दिवसात ६५ पर्यंत कधी जातच नाही, पण सोयाबीन पिवळं पडतं, वाफसा येत नाही, मजुराला काम मिळत नाही. अखेर एप्रिल २०२३ मध्ये राज्य सरकारने 'सततचा पाऊस' ही नैसर्गिक आपत्ती मानली. इतर अटींबरोबर सलग ५ दिवस रोज किमान १० मिलिमीटर, अशी तिची व्याख्या केली. धाडच्या म्हाताऱ्यांना विचारलं, तर ते म्हणतील, ही तर झड!