संत्रे, पपनस आणि कोलेस्टेरॉलची गोळी

भंडारा जिल्ह्यात नागपूरकडची संत्री घरोघर खातात. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, की ‘आंबट फळे बंद’ असे कोणीतरी सांगते आणि संत्री सुटतात. या समजुतीचे मूळ शोधायला आपल्याला कॅनडात जावे लागते.

तेथील लंडन गावी (इंग्लंडमधील नव्हे) डेव्हिड बेली व सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा परिणाम तपासत होते. मद्याची चव लपवण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. १९८९ साली हे काम प्रसिद्ध झाले. रक्तात औषध मात्र अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त भरले होते. हा शोध योगायोगाचा म्हणतात; आम्हांला त्यापुढची तुलना अधिक मोलाची वाटते. १९९१ मध्ये त्यांनी गोळी पाण्याबरोबर, ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर आणि संत्र्याच्या रसाबरोबर देऊन पाहिली. ग्रेपफ्रूटने रक्तातील औषध पाण्याच्या मानाने जवळजवळ तिप्पट झाले. संत्र्याने फरक पडला नाही.

आपल्या आतड्याच्या अस्तरातील सीवायपी ३ए४ हे विकर कित्येक औषधे रक्तात पोचण्याआधीच मोडते. ग्रेपफ्रूटमधील फ्युरानोकुमारिने त्याला निकामी करतात. नवे विकर तयार व्हायला दोन-तीन दिवसही लागतात. म्हणून सकाळी फळ, रात्री गोळी ही युक्ती चालत नाही.

१९९८ मध्ये फिनलंडमधील संशोधकांना लोव्हास्टॅटिन व सिम्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या औषधांबाबतही असेच आढळले. ही औषधे रक्तात फार वाढली, तर स्नायूंना आणि क्वचित मूत्रपिंडांना इजा होते. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनवर परिणाम कमी, रोसुव्हास्टॅटिनवर जवळजवळ नाही.

ग्रेपफ्रूट आपल्या बाजारात क्वचितच दिसते. पण ते पपनस आणि गोड संत्रे यांच्या संकरातून झालेले फळ आहे, आणि फ्युरानोकुमारिने पपनसातही असतात. तेव्हा सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्याने दूर ठेवायचे ते पपनस. नागपुरी संत्र्यात ही द्रव्ये नगण्य असतात.