जेडीओ की हायबरनेट?

जावातला ऑब्जेक्ट प्रोग्राम बंद झाल्यावरही टिकायचा, तर तो डेटाबेसच्या टेबलांत नीट बसवावा लागतो. आज त्यासाठी तुम्ही डोळे झाकून जेपीए घेता. २००४मध्ये आमच्या टीमला निवडावं लागलं, आणि त्या निवडीवर पुढची कित्येक वर्षं कोड उभा राहणार होता.

ईजेबीच्या एन्टिटी बीन्स अधिकृत होत्या, पण एका साध्या ग्राहकासाठी ढीगभर इंटरफेस लिहायला लावायच्या. २००२मध्ये मंजूर झालेलं जेडीओ सुटसुटीत होतं. फक्त ते कम्पाइल झालेल्या क्लासच्या बाइटकोडमध्ये फेरफार करायचं, त्यामुळे सीनियर मंडळी बिचकायची. गॅविन किंगनं २००१मध्ये सुरू केलेलं हायबरनेट कुठलंच स्टँडर्ड नव्हतं. पण चालत होतं!

मी जेडीओच्या बाजूचा. कागदावर तेच सरस, असं मला अजूनही वाटतं. टीमनं मात्र हायबरनेट घेतलं.

जानेवारी २००५मध्ये जेडीओ २चा मसुदा मतदानात पडला. मे २००६मध्ये ईजेबी ३सोबत जेपीए आलं. किंग त्या तज्ज्ञगटात होता, आणि जेपीएचा तोंडवळा बराचसा हायबरनेटचाच. जेडीओ २सुद्धा त्याच वर्षी मंजूर झालं, पण तोवर गर्दी दुसरीकडे वळली होती.