पेटीवर आपला हात

आज पेटीची गोष्ट सांगणार आहे. भजनात वाजते ती पेटी, म्हणजे हार्मोनियम.

गेल्या श्रावणात आमच्या गावात बायकांचं भजन ठरलं होतं. सगळ्या आवरून आल्या, टाळ आले, पखवाज आला. पेटीवाले बुवा मात्र दुसऱ्या गावच्या सप्ताहाला गेलेले. तासभर वाट बघितली आणि घरी गेलो. पुढच्या मासिक बैठकीत एक वहिनी म्हणाल्या, "आपणच पेटी घेऊया की." लगेच दुसरीने विचारलं, "घेऊ गं, पण वाजवणार कोण? ते काय बायकांचं काम आहे?"

मग म्हटलं, ही पेटी नक्की कोणाची, ते तरी बघू.

ताईंनो, पेटी मुळात आपल्या देशाचीच नाही. 1840 च्या सुमारास फ्रान्समध्ये पॅरिस शहरात आलेक्सांद्र दबँ या कारागिराने हार्मोनियम बनवली. तिच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी पियानोसारखी. सात पांढऱ्या आणि पाच काळ्या मिळून बारा सुरांचं एक सप्तक. पियानोत हातोडी तारेवर पडते, तर पेटीत भात्याची हवा पितळी पट्टीतून जाते आणि सूर निघतो. मिशनरी लोकांनी ती इकडे आणली. पण ती टेबलाएवढी, खुर्चीत बसून पायाने भाता मारायची. आपण पडलो मांडी घालून बसणारी माणसं! 1875 नंतरच्या काळात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची, जमिनीवर ठेवायची पेटी केली. तीच पुढे गावोगाव गेली.

महाराष्ट्रात पेटी लोकप्रिय झाली ती नाटकांमुळे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' 1880 साली पुण्यात रंगमंचावर आलं आणि संगीत नाटकांचा काळ सुरू झाला. पुढे त्या नाटकांत पेटी आणि पायाचा ऑर्गन वाजू लागले. 1911 च्या 'मानापमान' नाटकाला संगीत देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. पण तेव्हा त्या नाटकांत बाईचं कामसुद्धा पुरुषच करत. मग बाईच्या हाती वाद्य कोण देणार?

आता रेडिओची गंमत ऐका. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली! म्हणणं असं, की आपला गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, उतारावरून पाणी जावं तसा. पेटी मात्र पायऱ्या उतरते, मधले बारीक सूर तिला लागत नाहीत. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी आवडत नसे. तीसएक वर्षं ही बंदी चालली, 1971 पासून सैल झाली. पण तेवढ्या वर्षांत गावातली भजनं काही थांबली नाहीत. मोठ्यांनी नाकारली, तरी लोकांनी पेटी सोडली नाही.

आणि बाईचं काम म्हणाल, तर खुर्शीद होमजी हे नाव लक्षात ठेवा. मुंबईचं रेडिओ केंद्र 1927 साली सुरू झालं. पुढच्या काही वर्षांत तिथे होमजी बहिणींचा कार्यक्रम होई, त्यात खुर्शीद ऑर्गन वाजवत. नंतर त्या बॉम्बे टॉकीजमध्ये सिनेमाला संगीत देऊ लागल्या. पारशी समाजातून मोठा विरोध झाला, म्हणून नाव बदलून सरस्वती देवी झाल्या. नाव बदललं, पण काम सोडलं नाही. 1936 च्या 'अछूत कन्या'चं संगीत त्यांचंच.

यात आपल्या गळ्याचाही प्रश्न आहे. पुरुष बहुधा काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गातात. बायकांचा गळा काळी चार, काळी पाचला मोकळा होतो. बुवा आपल्या पट्टीत पेटी धरतात, मग आपण एक तर खाली पुटपुटतो, नाहीतर वर किंचाळतो. आणि म्हणतो, आम्हाला गाता येत नाही! अहो, गाता येतं, पट्टी आपली नसते.

शिकायला वयाची अट नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात आणि त्या पेटीवरही देता येतात. परीक्षा नको असेल तर नको. आधी सा कुठे आहे ते बोटाला कळू दे.

आमच्या गटाने असं ठरवलं: बचतीला आणि कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही. प्रत्येकीने महिन्याला वेगळे पन्नास रुपये काढायचे आणि जुनी पण सुरात असलेली पेटी घ्यायची. शिकायला दोघी तयार झाल्यात. त्यातली एक तीच, जिने विचारलं होतं, वाजवणार कोण?

तुमच्या गटाचं काय ठरतंय, तेही कळवा.